अण्णासाहेबांच्या भिंतीवरचा खिळा

संध्याकाळचे साडेसहा. नाशिकच्या रविवार कारंजाजवळचं सभागृह. व्यासपीठावर चार परदेशी लेखक, समोर भरलेल्या खुर्च्या, मागे कापडी फलक: 'विश्वसाहित्य गोदातीरी'. आणीबाणी उठून चार-पाच वर्षं झाली होती.

बातमीत भाषणं जातात, किस्से बातमीदाराकडे साचत राहतात. त्या संध्याकाळचे हे किस्से मी मित्रांना सांगतो तेव्हा सुरुवातीला सगळे हसतात. शेवटी कोणी हसत नाही.

हे लेखक सरकारी पाहुणे म्हणून काही महिने आपल्याकडे राहून लिहीत होते आणि मधूनमधून गावोगावी वाचन करत होते. त्यांना नाशिकला आणलं अण्णासाहेबांनी. अण्णासाहेब म्हणजे नावाजलेले वकील आणि इथल्या एका साहित्य मंडळाचे तहहयात कार्याध्यक्ष.

*

आधी सत्कार. शाल, श्रीफळ, हार, मग सत्कार करणाऱ्यांचे सत्कार. थंड देशातून आलेल्या एका म्हाताऱ्या कथाकाराला नारळ खाली ठेवायचा असतो हे कोणी सांगितलंच नाही. तो बिचारा दीड तास नारळ मांडीवर घेऊन बसला, तान्हं मूल धरावं तसा.

शेवटी त्याने शेजारी बसलेल्या अण्णासाहेबांना विचारलं, हा परत कधी द्यायचा असतो?

*

अण्णासाहेबांचं अध्यक्षीय भाषण पाऊण तास चाललं. मग ते घड्याळाकडे बघून म्हणाले, "आता पाहुण्यांनी थोडक्यात वाचावं."

म्हाताऱ्याने वीस पानांची कथा आणली होती. त्याने पहिलं पान वाचलं, शेवटचं वाचलं आणि बसला. टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर चहाचा कप हातात घेऊन मला म्हणाला, "माझ्या कथेचं इतकं चांगलं संपादन आजवर कोणी केलं नव्हतं."

*

चौघांत एक बाई होती. तिला मार्ता म्हणू, हे तिचं खरं नाव नाही. तिच्या देशाचं नाव मी तेव्हा छापलं नाही, आजही लिहीत नाही. तिथे लष्कराचं राज्य होतं आणि तिचा नवरा तुरुंगात होता. घरी तिने सांगितलं होतं की ती भाषा शिकवायला गेली आहे. कविता वाचत हिंडते हे कळलं तर परत गेल्यावर धडगत नव्हती, आणि आई-बहिणीसाठी परत जाणं तर भाग होतं.

म्हणून कार्यक्रमाआधीच तिने आम्हा सगळ्यांना बजावलं, नाव छापू नका, फोटो काढू नका. पत्रकारांनी शब्द दिला आणि पाळला. फोटोग्राफर हनीफभाईंनी कॅमेऱ्यावर झाकण लावून दाखवलं.

अण्णासाहेब हसले. "अहो बाई, हे नाशिक आहे. इथे कोण बघतंय?"

*

तिची कविता साधी होती. कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेने मराठीत वाचली. एक बाई दर आठवड्याला तुरुंगाच्या दारावर नवऱ्याचा धुतलेला सदरा देते आणि मळलेला परत घेते. एका आठवड्याला दिलेलाच सदरा परत येतो. घडी न मोडलेला.

मागच्या रांगेत एक गृहस्थ उठून उभे राहिले. आणीबाणीत ते स्वतः नाशिकरोडच्या जेलात होते. कविता संपेपर्यंत नुसते उभे राहिले.

आभार मानताना अण्णासाहेब म्हणाले, "पतिभक्तीची किती सुंदर कविता!"

*

आता फोटो. अण्णासाहेबांच्या कार्यक्रमाचा शेवट ग्रुप फोटोने व्हायचा. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर दर वर्षीच्या कार्यक्रमाचा फोटो फ्रेम करून ओळीने लावलेला असे. मार्ता बाजूला सरकली. त्यांनी तिचा हात धरून तिला मधोमध उभं केलं, हातात नारळ दिला. हनीफभाईंनी कॅमेरा खाली केला.

"हनीफ, पैसे मी देतोय," अण्णासाहेब म्हणाले. "काढ."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः स्टुडिओत जाऊन बसले आणि प्रिंट घेऊनच उठले. दुपारी हनीफभाईंनी मला बोलावलं आणि माझ्यासमोर कात्रीने निगेटिव्हचे तुकडे केले. "साहेब, मला ही भानगड घरात नको. तुम्ही साक्षीला आहात." कोणत्याही पेपरात तो फोटो आला नाही. मी सगळे चाळले.

*

दोन वर्षांनी तो म्हातारा कथाकार मुंबईला आला. मी भेटायला गेलो. त्याच्याकडून कळलं, मार्ताला तिच्या देशाच्या विमानतळावरच उचललं होतं. त्यानंतर ती कोणाला दिसली नाही. चौकशीला तिच्या बहिणीलाही नेलं होतं. पुढे देश सोडून पळालेल्या त्या बहिणीने म्हाताऱ्याला सगळं सांगितलं.

चौकशीच्या टेबलावर एक फोटो ठेवला होता म्हणे. मार्ता मधोमध, हातात नारळ, मागे कापडी फलक. तो उलटा केला तेव्हा पाठीमागे जांभळा शिक्का होता. बहिणीला ती लिपी येत नव्हती, पण अक्षरांचे आकार डोक्यात बसले होते. तिने ते म्हाताऱ्याला काढून दिले होते. त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. "हे काय लिहिलंय?"

अक्षरं वेडीवाकडी होती, तरी वाचता येत होती. नाशिक.

मी परत आलो तो थेट अण्णासाहेबांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर सगळ्या वर्षांच्या फ्रेमा होत्या. त्या वर्षाच्या जागी नुसता खिळा. फोटो कुठे गेला, विचारलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि अशिलाची फाइल उघडली. त्यानंतर जितक्या वेळा विचारलं, तितक्या वेळा चहा आला.

हनीफभाईंनी त्या फोटोची एकच प्रिंट काढली होती.