राहिलेली एक इमारत

"थांबा. आधी तिला आपल्याकडे नीट बघू द्या."

कुठल्याही इमारतीच्या फाटकाशी आमचे शेजारी असं म्हणत आणि हात मागे बांधून उभे राहत. मुलगी बघायला आलेल्या नव्हे, पसंत पडावं म्हणून आलेल्या मुलासारखे.

नागपुरातली सरकारी नोकरी संपवून ते आयटीतल्या मुलाकडे कर्वेनगरला राहायला आले होते. तेव्हा पुण्यात जो तो निळ्या काचेच्या इमारती बघून हरखत होता. हे मात्र एका थोर वास्तुकाराचे भक्त. त्याच्या उघड्या काँक्रीटच्या इमारती बघायला त्यांनी देश पालथा घातला होता.

"काँक्रीट ओतायच्या फळ्या काढून नेल्या, पण त्यांच्या लाकडाच्या रेषा काँक्रीटनं सांभाळल्या हो," असं सांगताना त्यांचा हात हवेतच भिंत कुरवाळायचा.

मुलगा म्हणे, "बाबा, रंगारी पळून गेला असेल."

आता बघायची एकच राहिली होती, पुण्याबाहेरची एक संशोधन संस्था. घाई होती, कारण त्यांना काचबिंदू होता आणि नजर कडांकडून विझत चालली होती. "रुंद इमारती आधी बघून घेतो," दुखणं कळलं तेव्हापासून ते म्हणत आले होते. "अरुंद काय, शेवटपर्यंत दिसतील."

आम्ही गेलो, तर पहारेकरी म्हणाला, "इथे बघण्यासारखं काही नाही. ऑफिस आहे."

"मग आपण राखता काय?" शेजाऱ्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर पुणेरी मिळालं. "लेखी परवानगी आणा."

ती मिळेपर्यंत पावसाळा गेला, थंडी गेली आणि त्यांची नजरही गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. आता जाऊन काय करणार, असं मुलानं हळूच विचारलं.

"बोलावणं आलंय," ते म्हणाले. "न जाणं बरं दिसत नाही."

संस्थेत शिरताच मी त्यांचा हात धरला आणि नाटकातल्या सूत्रधाराच्या थाटात सुरू केलं. इकडे खांब, तिकडे जिना, समोर भव्य...

"अहो, जरा गप्प बसता का? तुमच्या आवाजात मला छत ऐकू येत नाहीये."

बुटक्या, काळोख्या बोळातून चालत आम्ही एकदम उंच दालनात आलो. ते थबकले.

"आजवर मी याचा उजेडच बघत होतो," ते कुजबुजले. "अंधारसुद्धा यानं इतका बेतून ठेवलाय, हे ध्यानातच आलं नव्हतं."

आज ते नाहीत. तुम्ही त्या दालनात कधी गेलात, तर दुपारी जा. छताच्या फटीतून उन्हाचा पट्टा खाली उतरतो. त्या दिवशी ते त्यात तोंड वर करून उभे होते. ऊन सरकलं की तेही पाऊलभर सरकत. सरकत सरकत भिंतीशी पोचले. मग ऊन भिंतीवर चढू लागलं, तसा त्यांनी हात उंच केला.