एका चुलीवरचं कुटुंब

माझ्या ओळखपत्रावर 'माहिती व्यवस्थापक' असं छापलेलं आहे आणि माझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. "पूर आला तर लोकायला खायला द्यावं का माहिती इचारत बसावं?" असं ती नांदेडहून फोनवर विचारते. कोणाला काय द्यायचं हे आधी कळायला नको का, असं मी म्हणते. जाऊन बघितलं की कळतंय, असं ती म्हणते. मग मी चिडते आणि फोन संपतो. चिडणं हा माझा जोडधंदा आहे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता निलंगा तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात पाणी शिरलं. माणसं वाचली, पण मातीच्या भिंती बसल्या, माळवदं खाली आली. सगळं गाव उंचावरच्या शाळेत येऊन राहिलं. आमची संस्था छोटी, तिचं मुख्य कार्यालय पुण्यात. निलंग्याच्या एका गोदामात आमचा ट्रक मदतीचे संच भरायला उभा होता. संचात चादरी, बादली, दोर आणि सगळ्यात महत्त्वाची ताडपत्री. नियम असा की एका कुटुंबाला एक संच. कुटुंबं किती ते मोबाइलमधलं ॲप सांगणार, पुणं मंजुरी देणार, मग ट्रक भरणार. पाणी उतरल्यावर लोकांना घरी परतायचं होतं आणि पाऊस पुन्हा येणार असं सगळेच सांगत होते. ताडपत्री त्याच्या आधी पोचायला हवी होती.

नोंदी घ्यायला मी निलंग्याच्या कॉलेजातल्या दोन मुली तयार केल्या. त्यांच्याकडून कुटुंबाची व्याख्या पाठ करून घेतली. 'शेवटचं जेवण ज्या चुलीवर झालं, त्या चुलीवर जेवलेली आणि आज गावात मुक्कामाला असलेली सगळी माणसं म्हणजे एक कुटुंब.' भाऊ वेगळ्या खोल्यांत राहिले पण चूल एक, तर कुटुंब एक. घर एक पण चुली दोन, तर कुटुंबं दोन. मला ही व्याख्या फार आवडायची. तिच्यात नात्यागोत्याची कटकट नव्हती. मुलींनी माना डोलावल्या आणि त्या गावात गेल्या.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. गावाच्या नावापुढे कुटुंबं: एक. कुटुंबातल्या व्यक्ती: अख्खं गाव. कुटुंबप्रमुख: सरपंच.

मुलींचं काहीच चुकलं नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यात एकच चूल होती, तिच्यावर लग्नाच्या पंगतीची कढई होती आणि सगळं गाव त्या कढईतली खिचडी खात होतं. मुलींनी प्रत्येकाला चूल विचारली. प्रत्येकाने तिकडेच बोट दाखवलं. बांधावरून भांडण झाल्यापासून एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ होते, त्यांनाही आमच्या ॲपने बसल्या जागी एकत्र केलं होतं. पुण्याहून लगेच निरोप आला की माहिती अतिशय स्वच्छ आहे, एकही रकाना रिकामा नाही, अभिनंदन, एक संच मंजूर.

म्हणजे गावाला मिळून एक ताडपत्री. मी पुण्याला फोन लावला. पलीकडे आमचे तपासणीस होते. वयाने माझ्याएवढेच, पण बोलणं शासन निर्णयासारखं. ती व्याख्या त्यांनीच लिहिलेली.

"व्याख्या पाळली आहे ना?" त्यांनी विचारलं.

"पाळली आहे."

"मग चूक कुठे आहे?"

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी असं ठरलं की दुसऱ्या दिवशी ते स्वतः येतील आणि चुली प्रत्यक्ष मोजतील.

मी सरपंचांना सांगितलं, तर ते हसायला लागले. "चुलीच मोजायच्यात ना? मग मांडूत की! त्यात काय लई अवघड हाय?"

सकाळी मी गावात पोचले तेव्हा शाळेच्या मैदानावर गावातल्या प्रत्येक घराची चूल मांडलेली होती. पडलेल्या भिंतींच्या विटा, नदीतले दगड, जे हाताला लागलं ते. लाकडं ओली, त्यामुळे जाळापेक्षा धूरच जास्त. शेजारच्या गावातून फोन आला की शाळा पेटली का. बायका मात्र खुश होत्या. इतके दिवस कढईतली पांचट खिचडी खाऊन त्या बेजार झाल्या होत्या, आता आपल्या हाताने मीठ घालायला मिळालं. त्या दोन भावांनी मैदानाची दोन टोकं गाठली आणि जास्त लांब कोण गेलं यावरून पुन्हा वाद घातला.

मी चुलीमागून चूल नोंदवत निघाले. झेंड्याच्या खांबापाशी एक लहानशी चूल होती. ती आत्याची. आत्या म्हणजे गावचीच लेक, नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि भावाच्या घरात राहिली. भाऊ-भावजयही गेले, भाचे कामाला लांब गेले. आता ती एकटी राहायची आणि सगळ्या गावाची आत्या होती. तिच्या घराची नदीकडची भिंत वाहून गेली होती आणि माळवदाचा ढीग अंगणात पडला होता. ताडपत्रीची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती.

'कुटुंबातील व्यक्ती' या रकान्यात मी एक टाकलं. पडद्यावर लाल अक्षरं आली: 'चुकीची संख्या. पुन्हा भरा.' मी पुन्हा एक टाकलं. पुन्हा लाल. एक व्यक्ती म्हणजे भरणाऱ्याचं बोट चुकलं, असं पुण्यात कोणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"काय म्हणायलंय ते?" आत्याने विचारलं.

"आत्या, ते म्हणतंय, एकटं माणूस म्हणजे कुटुंब नसतंय."

आत्याने चुलीत काटकी सारली. "ते बी तसंच म्हणायलंय का," ती म्हणाली.

ती रागाने बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते धुरावर ढकललं. सरपंच म्हणाले, आत्याला आमच्यात लिहून टाका. "मंग ताडपत्री तुमच्या घरावर जाईन की रं," आत्या म्हणाली, "माझं उघडंच राहतंय." ते खरंच होतं. भाच्याचं नाव टाकू का, असंही मी हळूच विचारलं. "जे न्हाई ते कशाला लिव्हतीस, माय?" म्हणून तिने तोही विषय संपवला.

दुपारी तपासणीस आले. गुडघ्यापर्यंत बूट, पिवळा रेनकोट, गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतला टॅब. ते प्रत्येक चुलीपाशी वाकून भांड्यात खरंच काही शिजतंय का ते बघायचे. मैदान निम्मं होईपर्यंत धुराने त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "नगं रडू, दादा," एक बाई म्हणाली, "आमची घरं पडली, तरी आमी रडलो का?"

चुली खऱ्या होत्या, भाकऱ्या खऱ्या होत्या. सगळ्यांच्या नोंदी हिरव्या झाल्या. राहिली फक्त आत्या.

"व्यक्ती एक असेल तर ॲप घेत नाही," ते म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत बघू."

"तोवर आत्याने पावसाला थांबवून धरायचं का?"

"मॅडम, नियम मी एका व्यक्तीसाठी बदलू शकत नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात बातमी आली की पुलावरून पुन्हा पाणी चाललंय, आता उद्यापर्यंत कोणी गावाबाहेर जात नाही. तपासणिसांचा चेहरा उतरला. शिवाय पूरग्रस्तांचं काही खायचं नाही असाही आमच्या संस्थेचा एक नियम. त्यांनी पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला, तर त्याचा भिजून लगदा झालेला. ते शाळेच्या पायरीवर ताठ बसून राहिले. समोर सगळ्या गावाचं पिठलं एकाच वेळी रटरटत होतं. मला त्यांची अजिबात दया आली नाही.

आत्याला आली. "ए लेकरा, इकडं ये."

"नको आत्या, माझं झालंय."

"काय झालंय? मघापून बघायलाव मी. आई हाय का तुला?"

"आहे. पुण्यात."

"मंग तिला काय सांगू मी? तुझं पोर माझ्या चुलीम्होरं उपाशी बसलं म्हणून?"

याला त्यांच्याकडे नियम नव्हता. ते उठून आले आणि पोत्यावर मांडी घालून बसले. आत्याने ताटलीत ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. कांदा बुक्कीने फोडायचा असतो असं सांगितलं. त्यांनी बुक्की मारली तर कांदा उडून सरपंचांच्या चुलीत गेला. दुसरा फुटला. एक भाकरी गेली, दुसरी गेली, ठेच्याने नाक वाहायला लागलं, तरी तिसरी मागितली. आत्या चुलीपुढे बसून हाताने ताटाएवढी भाकरी थापत होती आणि अधूनमधून "सावकाश, सावकाश" म्हणत होती. तिच्या चुलीवर दुसरं माणूस जेवल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे.

ते बोटं चाटत असताना मी त्यांनी पोत्यावर काढून ठेवलेला टॅब उघडला आणि मोठ्याने वाचलं. "शेवटचं जेवण ज्या चुलीवर झालं, त्या चुलीवर जेवलेली आणि आज गावात मुक्कामाला असलेली सगळी माणसं म्हणजे एक कुटुंब."

ते चाटायचे थांबले. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग ताटलीकडे, मग पुलाच्या दिशेला. माझ्या जिभेवर पुढचे चार टोमणे तयार होते, पण त्यांची गरज पडली नाही. माणूस वाईट नव्हता, नुसता काटेकोर होता, आणि स्वतःच्याच व्याख्येशी भांडणं त्याच्या काटेकोरपणात बसत नव्हतं. त्यांनी डावा हात रेनकोटला पुसला, टॅब मागून घेतला आणि रकान्यात दोन टाकलं.

ॲपने नातं विचारलं. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, सून, इतर. 'इतर' दाबलं की ते कागदपत्रं मागायचं. तपासणिसांचं बोट यादीवरून खाली-वर फिरायला लागलं.

"पती सोडून काहीही टाका," मी म्हणाले, "नाहीतर गाव तुम्हाला पूल ओलांडू देणार नाही."

त्यांनी 'मुलगा' दाबलं. हिरवी खूण आली. संपर्क क्रमांकाच्या रकान्यात, आत्याकडे फोन नसल्यामुळे, त्यांनी स्वतःचा टाकला.

"घेतलं का त्यानं?" आत्याने विचारलं.

"घेतलं," ते म्हणाले.

पाणी उतरल्यावर ट्रक आला आणि आत्याच्या घरावर ताडपत्री आधी बांधली गेली. दोर ओढायला तपासणीस स्वतः होते आणि त्यांची एकही गाठ टिकली नाही, सगळ्या सरपंचांनी पुन्हा बांधल्या. दोन दिवसांनी पाऊस आला. आत्या कोरडी राहिली.

दर वर्षी पुण्यात जुनी माहिती साफ करायचं काम निघतं. संगणक संशयास्पद नोंदींची यादी काढतो आणि प्रत्येक वर्षी आत्याचं कुटुंब तिच्यात असतं, कारण मुलाचा नंबर आणि तपासणिसाचा नंबर एकच निघतो. नोंद काढून टाकावी का, असं तो विचारतो. नव्या आवृत्तीत एकटं माणूस चालतं, त्यामुळे दोनाचं एक करायलाही आता काही अडत नाही. यंदा मी मुद्दाम ती ओळ उघडून बघितली. दोनाचे दोनच होते. शेऱ्याच्या रकान्यात तपासणिसांनी लिहिलं होतं: 'प्रत्यक्ष जेवून तपासले. नोंद बरोबर आहे.'