उसनं गोत्र

माझ्या मुलीचं लग्न ज्या मुलाशी ठरलं होतं, तो मुळात आपल्याच रक्ताचा आहे, असं मी आत्याला सांगितलं. तेही लग्न तोंडावर आलेलं असताना.

आई लवकर गेल्यामुळे मला आत्याने वाढवलं. तिचे यजमान लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारले, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडे परत आली आणि तिच्या वाट्याला मी आलो. त्याबद्दल तिने देवाकडे तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, पण आभार मानल्याचंही नाही. आता ऐंशी ओलांडल्यावर ती पुण्याहून एवढा प्रवास करून न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आमच्या घरी आली होती, ती केवळ नातीच्या लग्नासाठी. नातीचंही एकच मागणं होतं. "आत्याआजीने अक्षता टाकल्या पाहिजेत. बाकी हॉल, फुलं, केक, आय डोन्ट केअर."

मुलगा इथलाच. तांबूस दाढी, इलेक्ट्रिशियन, भर थंडीत जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, घालून येणार आणि न सांगता दारात काढणार. आत्याला तो 'आट्या' म्हणतो. तिला इंग्रजी येत नाही आणि त्याला मराठी कळत नाही, त्यामुळे दोघांचं उत्तम जमलं होतं. संध्याकाळी हात धरून तो तिला नदीकाठी फिरवून आणायचा. ती त्याला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगायची आणि तो योग्य ठिकाणी हसायचा. कुठली ठिकाणं योग्य, हे त्याला कसं कळायचं कोण जाणे. बहुधा माझं नाव आलं की हसायचा.

त्याची आई, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई, यांचे पूर्वज आयर्लंडहून जहाजाने आले. मनगटावर त्यांनी तिथली जुनी केल्टिक गाठ गोंदवून घेतली आहे. त्या स्वतः एकदाच आयर्लंडला गेल्या होत्या. तिथे पाऊस पडला म्हणून लवकर परत आल्या, असं त्यांचा मुलगाच सांगतो. लग्नात त्यांना त्यांची एक जुनी रीत करायची होती. नवरा-नवरीचे हात एकमेकांना फितीने बांधायचे. ती हिरवी फीत घेऊन त्या एका संध्याकाळी मुलासह आमच्या स्वयंपाकघरात आल्या आणि त्याच्या मनगटाला बांधून दाखवू लागल्या. त्या दिवशी गाड्या बंद, बदली बस, त्यामुळे वेलिंग्टनहून घरी यायला मला दुप्पट वेळ लागला होता. दमलेल्या माणसाने चहा घ्यावा आणि पडावं. मी दमलो की बोलत सुटतो.

"ही गाठ कसली रे?" शेंगा मोडता मोडता आत्याने विचारलं.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, आत्या, ही आपलीच उपरण्या-शेल्याची गाठ. हे लोक केल्ट. आणि आपली ती गोष्ट आठव. कोकणच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाहून आलेली माणसं, परशुरामाने चितेवर शुद्ध करून उठवलेली. ती माणसं कुठली? आपले हे घारे डोळे आले कुठून? असं म्हणून मी आधी माझे डोळे दाखवले, मग जावयाचे.

हे भाषण मी वर्षानुवर्षं शुक्रवारी ऑफिसात बिअरच्या वेळी देत आलो आहे आणि आजवर कुणी शंका काढलेली नाही. आत्याला बिअर दिलेली नव्हती.

"म्हणजे हा आणि आपण एका कुळातले," ती म्हणाली.

"अगदी."

"म्हणजे याचं गोत्र आपलंच. अत्री."

मी मान हलवली. तिने शेंगांचं ताट बाजूला केलं.

"मग लग्न कसं व्हायचं? सगोत्र चालत नाही."

मी हसलो. ती हसली नाही. विहीणबाई फीत गुंडाळत सगळ्यांकडे बघून प्रेमळ हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना फोन केला. गुरुजी एरवी एका बँकेत संगणकाचं काम करतात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. ते म्हणाले, "काका, टेन्शन घेऊ नका. गोत्र माहीत नसलं की काश्यप लावायचं. इथल्या सगळ्या गोऱ्या जावयांना मी काश्यपच लावतो." मी ते आत्याला जसंच्या तसं सांगितलं.

"ते माहीत नसलं तर," आत्या म्हणाली. "तू तर म्हणतोस तुला माहीत आहे."

ती शांतपणे पुढे म्हणाली, "मी येईन. कोपऱ्यात बसेन. पण अक्षता टाकणार नाही. भाऊबंदांच्या लग्नाला अक्षता टाकून वर कुठल्या तोंडाने जाऊ?"

मुलीने दारातून सगळं ऐकलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, तुझं एकच काम होतं," ती इंग्रजीत म्हणाली. "तिला एअरपोर्टवरून घरी आणायचं. जस्ट दॅट." मग खोलीत गेली आणि दार हळूच लावून घेतलं.

आता मला आम्ही एकमेकांचे कुणीही नाही हे सिद्ध करायचं होतं. गंमत अशी की, काही आठवड्यांपूर्वीच मी नळीत थुंकून ती नळी वंशाच्या तपासणीला पाठवली होती. केल्ट असल्याचा दाखला मिळाला की फ्रेम करून हॉलमध्ये लावायचा, असा बेत होता. आता मी रोज मनातल्या मनात नापास व्हायची प्रार्थना करत होतो.

निकाल ऑफिसातून परतताना गाडीत फोनवर आला. मी पूर्ण नापास होतो. सगळं हिंदुस्थानातलं, बरंचसं आपल्याच किनाऱ्याचं. आयर्लंडचा थेंब नाही. आनंद व्हायला हवा होता. गाडी समुद्राच्या कडेने चालली होती, पाणी राखाडी होतं, आणि मी खिडकीच्या काचेत माझे डोळे बघत बसलो. अर्धं आयुष्य इथे गेलं. 'तू मूळचा कुठला' या प्रश्नाचा आता राग येत नाही, नुसता थकवा येतो. एखाद्या दिवशी 'तुमच्यातलाच, जरा वाट चुकलो होतो' असं म्हणता आलं असतं, एवढीच हौस होती. त्यासाठी मी एक अख्खं गलबत बुडवलं होतं.

घरी आलो तर आत्या, मुलगी आणि जावई सोफ्यावर बसून दाणे खात होते. मी निकाल वाचून दाखवला. म्हटलं, आमचा काही संबंध नाही, यंत्राने सांगितलंय.

"कशावरून?"

"थुंकीवरून."

"पोस्टाने उष्टं पाठवलंस?" आत्या म्हणाली. "काल गलबत, आज थुंकी. उद्या आणखी काहीतरी आणशील. तुझ्या कुठल्या बोलण्यावर मी अक्षता टाकू?"

मी कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसलो. माझ्याकडचं सगळं संपलं होतं, खोटंही आणि खरंही.

तेवढ्यात जावयाने मुलीला विचारलं, हे गोत्र नक्की काय असतं आणि मिळतं कुठे. ती म्हणाली, वडिलांकडून येतं. तो दाण्याची सालं फुंकत म्हणाला, "माझे वडील मी लहान असताना निघून गेले. त्यांच्याकडून मला काही मिळालं असेल असं वाटत नाही."

मुलीने ते आत्याला मराठीत सांगितलं. तिचं मराठी फोडणीपुरतं. "आजी, याला बाबा नाहीत. म्हणजे होते, पण गेले. मग याला गोत्र कोण देणार?"

मुठीतले दाणे आत्याने ताटलीत परत ठेवले.

"मी देते," ती म्हणाली. "माझं सासरचं भारद्वाज. यजमान गेले, पुढे लावायला कुणी नाही. इतकी वर्षं नुसतं पडून आहे. दत्तकबित्तक काही नको, उसनं घे म्हणावं. आणि गुरुजींना सांगा, काश्यप नको, आमचं लावा."

मुलीने भाषांतर केलं.

"स्वीट अ‍ॅज, आट्या," जावई म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि वाकून तिच्या पाया पडला. हे त्याला कुणी शिकवलं होतं, मला माहीत नाही.

"अक्षता टाकणार ना?" मुलीने विचारलं.

"टाकीन की. आता मी मुलाकडची."

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"पण आत्या," मी म्हटलं, "तुझं गोत्र लावलं तर हिशोबाने तो माझा आतेभाऊ झाला. म्हणजे हिचा काका..."

आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जावयाच्या पाठीवर हात ठेवून ती मुलीला म्हणाली, "याला सांग, मुलीचा बाप अर्धवट आहे हे आम्हाला आधीच दिसलं होतं. मुलगी चांगली, म्हणून सोयरीक केली."