कमजोरीचे लाडू

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. चव्वेचाळिसाव्या वर्षी माझ्यातला पुरुष रजेवर गेला, तोही अर्ज न देता. जेवल्यावर ऑफिसच्या टेबलावर डोळे मिटायचे, जिना चढताना धाप लागायची. पोटाची मात्र भरभराट चालली होती. रात्री मी बायकोकडे पाठ करून झोपायला लागलो. कारण सांगणं आमच्या खानदानी अब्रूत बसत नव्हतं.

असल्या दुखण्यासाठी डॉक्टरकडे जाण्याइतका मी वेडा नव्हतो. शहाण्यासारखा गोदाघाटावर तंबू ठोकून बसलेल्या वैद्याकडे गेलो. त्याने नाडी धरली, डोळे मिटले आणि काळं चाटण दिलं. वर साखर घालून आटवलेलं दूध प्यायचं, पौष्टिक खायचं. घरी मी फक्त ‘कमजोरी आलीय’ एवढंच बोललो.

झालं. बायकोने त्याच रविवारी डिंक तळला, खारीक कुटली, गुळाचा पाक केला आणि लाडवांनी डबा भरला. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. मी जितका खाई तितका गळून जाई, आणि मी गळालो की ती आणखी लाडू वळी. अख्खा हिवाळा आम्ही असा सत्कारणी लावला.

मग मी रात्री लघवीला जाई त्या मोरीत मुंग्यांची रांग लागली. बायकोने दोनदा फिनेल ओतलं आणि तिसऱ्यांदा मला डॉक्टरकडे नेलं. कंपाउंडरने माझी लघवी निळ्या औषधात घालून नळी दिव्यावर धरली. निळ्याचं विटकरी झालं.

‘साखर आहे, भरपूर. काय खाता?’ डॉक्टरांनी विचारलं. बायकोने इमानदारीत लाडवांची कृती सांगितली.

‘आणि बाकी... नवरा-बायकोचं ठीक?’

‘उत्तम,’ मी म्हणालो.

‘नाही,’ बायको जमिनीकडे बघत म्हणाली. ‘दोन वर्षं झाली.’

‘साखर वाढली, पोट सुटलं की पुरुषाचे हार्मोनही मंदावतात,’ डॉक्टर म्हणाले. ‘पुष्कळांचं होतं. सांगत कोणी नाही.’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी चालत निघालो. ती दोन पावलं मागून येत होती. तिला लाडवांचं वाईट वाटत असणार, असं मी हुशारीने ताडलं. म्हटलं, ‘तुझी काय चूक? मी कमजोरी म्हणालो, तू लाडू केलेस.’

ती थांबली.

‘लाडवांचं नाही हो. दोन वर्षं मी आरशात बघत होते, माझ्यात काय कमी झालं म्हणून.’