जुन्या बाटलीतले पाणी

डॉ. शमीम तांबोळी यांची आणि माझी पहिली भेट पीएच.डी. प्रवेशाच्या मुलाखतीच्या टेबलावर झाली आणि पहिल्याच प्रश्नाला मी तोंडावर आपटलो. मेंदूतल्या रक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, काय करतात असे त्यांनी विचारले. जिंतूरहून पाठ करून आणलेले उत्तर मी घडाघडा म्हटले. एरवी या पेशी झोपलेल्या असतात, धोका आला की जाग्या होतात. मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि त्या झोपलेल्या तुम्ही कधी पाहिल्यात, असे अगदी शांतपणे विचारले. मग मला उठवून त्या सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत घेऊन गेल्या.

पडद्यावर उंदराच्या मेंदूतल्या जिवंत पेशी दिसत होत्या. प्रत्येकीला बारीक फांद्यांसारखे हात, आणि ते हात सारखे आजूबाजूला चाचपत होते. मॅडमनी लेसरने एका सूक्ष्म ठिकाणी इजा केली. फुटलेल्या पेशीतून रसायन सांडले आणि त्याचा माग काढत काही मिनिटांत चारी बाजूंनी ते हात तिकडे वळले. निवड होते की नाही हे विसरून मी पाहत राहिलो. निवड झाली, ती बहुधा त्या गप्प बसण्यामुळेच.

जखमी पेशीची हाक आणि जंतूची चाहूल या पेशी कशी ओळखतात, आणि ओळखण्यात चुकल्या तर धडधाकट चेतापेशींचे काय होते, हे मॅडमचे आयुष्यभराचे काम. त्यावर त्यांच्या या गौरवग्रंथात माझ्यापेक्षा जाणते लोक लिहीत आहेत. मला लिहायचे आहे ते त्यांच्या प्रयोगशाळेतल्या शिस्तीबद्दल, कारण ती मी मोडली होती. त्यांचे तीन नियम होते. जे दिसले ते वहीत लगेच लिहायचे, विचार नंतर करायचा. पेशींच्या एका थाळीत रसायन घातले, तर शेजारच्या थाळीत ते ज्या पाण्यात विरघळवले तेच पाणी नुसते घालायचे. तिला आम्ही साधी थाळी म्हणत असू. आणि शेवटची चाचणी करताना कशात काय आहे ते कळू नये म्हणून थाळ्यांवर नुसते आकडे घालायचे, तेही ज्याला निकालाशी काही देणेघेणे नाही अशा माणसाने.

सहा वर्षांपूर्वी माझा पहिला शोधनिबंध स्वीकारला गेला. जखमी चेतापेशीतून झिरपणारे एक रसायन मायक्रोग्लियांना भडकवते, असे मी दाखवले होते. सोमवारी शेवटची प्रुफे परत पाठवायची होती. निबंधाशिवाय प्रबंध सादर करता येत नव्हता आणि शिष्यवृत्ती संपायला चार महिने उरले होते. जिंतूरला वडिलांनी अर्ध्या गावाला पेढे वाटून झाले होते.

शुक्रवारी दुपारी रसायनाचे जुने द्रावण संपले म्हणून मी ताज्या बाटलीतल्या पाण्यात नवे केले, आणि पेशी ढिम्म हलल्या नाहीत. जुने द्रावण मी ज्या बाटलीतल्या पाण्यात केले होते, ती कपाटात मागे होती. त्यातले नुसते पाणी थाळीत घातले, तर पेशी भडकल्या. साध्या थाळीत मी नेहमी दुसऱ्याच, ताज्या बाटलीतले पाणी घालत आलो होतो. दोन्ही निर्जंतुक केलेली, पाणी ते पाणी, असा माझा हिशेब. पण उष्णतेने जंतू मरतात, त्यांच्या कवचाचे अंश पाण्यात तसेच राहतात, आणि मायक्रोग्लियांना तेवढे पुरते. माझे रसायन निरपराध होते. सवयीने मी सगळे वहीत लिहिले, वही मिटली आणि कुणाला काहीही न सांगता खोलीवर गेलो.

खोलीत आम्ही तिघे, बाकीचे दोघे स्पर्धा परीक्षेचे. शनिवारी रात्री जेवताना त्यातल्या एकाला अर्धेमुर्धे सांगितले. तो म्हणाला, "यार, पाठवून दे सोमवारी. बाटली फेकून दे. कोण बघतंय?" खरे सांगतो, त्याचे म्हणणे मला पटत चालले होते. त्या रात्री झोप नाही. रविवारी सकाळी मेट्रो पकडून गाझियाबादला मॅडमच्या घरी गेलो, तरी बेल दाबताना काय बोलायचे हे ठरलेले नव्हते.

दार उघडले मॅडमच्या यजमानांनी. केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले. "अच्छा, तुम्ही? या ना, चलो, नाश्ता करू." मॅडम बाहेर आल्या आणि मी उभ्या उभ्याच सगळे ओकून टाकले. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. शेवटी एवढेच विचारले, "कधी कळलं?"

"आज सकाळी," मी म्हणालो. "बाटली अचानक आठवली."

का खोटे बोललो? दोन दिवस दडवून ठेवले हे सांगितले तर डिग्रीबरोबर त्यांचा विश्वासही जाईल, ही भीती. मॅडम आत गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या त्या पायात चपला घालून.

"चला लॅबला. आधी खरंच तसं आहे का ते बघू. आणि तुम्हीपण चला हो," हे यजमानांना. त्यांना मायक्रोग्लिया आणि मेथी यांतला फरक कळत नसल्याने आकडे घालायला त्यांच्याइतका लायक माणूस मिळणे कठीण होते.

बारा थाळ्या. मी द्रावणे भरली, यजमानांनी त्या आडोशाला नेऊन क्रम बदलला, आकडे घातले आणि यादी पाकिटात बंद केली. पेशी भडकल्या असतील तर निळा रंग देणारी चाचणीची रसायने मॅडमनी स्वतःच्या हाताने घातली. मग वाट पाहणे. दुपारी दोघांनी डबा खाल्ला, मी थाळ्यांभोवती घुटमळत राहिलो. मॅडम रागावल्या असत्या तर बरे, असे मला वाटत होते. माझी चूक कबूल करायला आलेला मी, आता कबुलीच चुकीची ठरावी म्हणून मनोमन देवाला विनवत होतो. संध्याकाळी सहा थाळ्यांत निळा रंग चढला. पाकीट उघडले. सहाही जुन्या बाटलीतल्या पाण्याच्या होत्या, त्यात रसायन असो वा नसो.

मॅडमनी तिथेच नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहून निबंध मागे घेतला. चूक माझ्या प्रयोगशाळेत, माझ्या देखरेखीखाली झाली, असे त्यात लिहिले. माझे नाव कुठेही नव्हते. माझ्या प्रबंधाचे काय, असे मी विचारले तेव्हा "ते उद्या," म्हणाल्या.

सोमवारी त्यांनी सहीसाठी माझी वही मागितली. शुक्रवारच्या पानावर तारीख होती, वेळ होती, बाटलीचे पाणी होते, निकाल होता. मॅडमनी ते पान वाचले, पुन्हा वरून वाचले. मी समोर उभा. त्यांनी खाली सही केली, तारीख घातली आणि म्हणाल्या, "पान अर्धं मोकळं सोडत जाऊ नका. खाली रेघ मारा." बस्स. पुढच्या आठवड्यात त्या शिष्यवृत्तीच्या मुदतवाढीसाठी स्वतः दोन कार्यालयांचे जिने चढल्या. खऱ्या हाकेत आणि जंतूच्या कवचात मायक्रोग्लिया फरक कसा करतात, यावर मी नव्याने काम केले आणि दीड वर्षाने डिग्री घेतली.

ग्रंथाच्या संपादकांनी मला मॅडमच्या सचोटीवर लिहायला सांगितले, तेव्हा मी तीन आठवडे टाळाटाळ केली. या सहा वर्षांत त्यांनी तो विषय काढला नाही आणि मीही नाही. आज या ग्रंथाच्या सर्व वाचकांसमोर सांगतो : मॅडम, ते मला शुक्रवारी कळले होते. तुमच्या घरात उभा राहून मी तुमच्याशी खोटे बोललो. मला क्षमा करा.

मॅडमची तब्येत ठणठणीत राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि त्यांची शंभरी पाहायला आम्ही सगळे हजर असू. आणि हे वाचून झाल्यावर त्यांनी मला बोलावून मनसोक्त रागवावे. त्या सोमवारपासून ते राहून गेले आहे.