डॅश आणि अंडरस्कोर
क्रांती चौकातल्या ऑफिसात नोकरी लागून दोन महिने झाले होते. क्लोजर भाषेतला एक लांबलचक प्रोग्राम मी चार फाइलींत वाटला आणि प्रत्येक फाइलीला वेगळं नेमस्पेस, म्हणजे नावांचा स्वतंत्र कप्पा, दिला. तेव्हापासून तो सुरूच होईना. फाइल डोळ्यांसमोर असताना कॉम्प्युटर म्हणायचा, सापडत नाही.

तिसऱ्या दिवशी मी गावी, पिशोरला, वडिलांना फोन केला. "मला नाय जमत हे. मी घरी येते."

ते म्हणाले, "ये बाई. पण तिथं कुणाला इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. लाज वाटत होती.

शेवटी शेजारच्या मॅडमना स्क्रीन दाखवली. "नेमस्पेसच्या नावात डॅश असला, की फाइलीच्या नावात तिथं अंडरस्कोर लागतो," त्या म्हणाल्या.

मी फाइलींच्या नावांत डॅश काढून अंडरस्कोर, म्हणजे तळाशी असते ती रेघ, टाकला आणि प्रोग्राम चालू झाला. मी जिन्यात जाऊन रडले.