नानासोंच्या भिंतीवरचा पिवळा गोल

सिद्धूचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. आधी बसणं, मग चहा, मग काम. बसणं म्हणजे मांडी घालून, डोळे मिटून, श्वास आत येतो नि बाहेर जातो एवढंच बघणं. हे त्याला कोयनानगरला तात्याबा फिटरनं शिकवलं. सिद्धू तिथं लोखंडी पाइपांना रंग मारायचा. मोठा भूकंप होऊन गेला तरी बारीक धक्के चालूच होते. मांडणीवरची भांडी वाजली की सिद्धू अंगणात पळायचा.

"जमीन हलायची ती हलंल गड्या," तात्याबा म्हणाला. "तू नुसता श्वास बघ."

पायाला मुंग्या यायच्या, कंबर धरायची. सिद्धू उठला नाही. हळूहळू मन जागेवर बसलं आणि मिटल्या डोळ्यांपुढं रंग यायला लागले.

पुढं तो आष्ट्याला आला, लग्नघरांच्या भिंती रंगवू लागला. दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती, वर मोर, भालदार-चोपदार, नवरानवरीची नावं. हात साफ होता. पण डोळ्यांपुढचे ते रंग भिंतीवर उतरवायचं धाडस त्यानं केलं नव्हतं.

१९७४च्या वैशाखात गावातल्या बागायतदार नानासोंच्या लेकीचं लग्न निघालं. रस्त्याकडची लांबलचक भिंत सिद्धूला मिळाली. निघताना बायकोनं, हरणाबाईनं बजावलं, "गेल्या पावसात आपली मागची भिंत पडली, तवापास्नं तरट बांधून ऱ्हातोय. ह्या मजुरीत भिंत झालीच पायजे. पाऊस काय तुमच्यागत डोळं मिटून बसायचा न्हाई."

"व्हय," सिद्धू म्हणाला.

त्यानं नानासोंची भिंत खरवडली, पोपडे काढले, चुन्याचा हात दिला, तो वाळू दिला, पुन्हा हात दिला. पिवडीची पिवळी माती पाट्यावर वाटली, बोटाला कणी लागेनाशी होईपर्यंत. डिंक भिजवून गाळला. इथं घाई केली की पहिल्या वळवात रंग ओघळतो.

रंगवायच्या दिवशी पहाटे तो बसला तेव्हा गर्द निळ्यात एक पिवळा गोल दिसला. कडेला तांबडी काव. गोल श्वासासारखा फुगत होता, आकसत होता. भिंतीपुढं उभा राहिला तरी तो जाईना. दिवस मावळला तेव्हा भिंतीवर तेवढंच होतं.

नानासो मळ्यातनं आले. "अस्तर झालं म्हणायचं. हत्ती कवा काढतोस?"

"अस्तर न्हाई. हे चित्रच हाय."

"कशाचं?"

"कशाचं न्हाई. डोळं मिटल्यावर दिसतं ते."

"डोळं मिटल्यावर मला बी लय दिसतंय! म्हणून वऱ्हाडाला दाखवू व्हय? उद्या हे पुसून हत्ती काढ. न्हाईतर मजुरी इसर."

सकाळी सिद्धू चुन्याची बादली घेऊन आला. घरच्या तरटाची आठवण होती. त्यानं कुंचला बुडवला, तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. नवरदेवाची आई बनाबाई बस्त्यासाठी आली होती. ती उतरली, पिवळ्या गोलाकडं बघितलं आणि तिनं वहाणा काढल्या. कनवटीची भंडाऱ्याची पुडी सोडली, चिमूटभर गोलावर उधळली, हात जोडले.

"खंडोबाचा भंडारा! लग्नाआधी देव मांडलात. लय शानी माणसं हो तुमी."

सिद्धू गप्प राहिला असता तर काम फत्ते होतं. पण ज्याचं नावच ठाऊक नव्हतं त्याला देव म्हणणं सिद्धूला जमेना.

"आवं मावशी, देव न्हाई त्यो. नुसता रंग हाय."

बनाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. "गप रं! माझं हात जोडून झालं. आता माघारी घेऊ व्हय?"

गाडीवान खो खो हसला. मग नानासोही हसले. विहीणबाईंनी जिथं हात जोडले तिथं चुना फासायची त्यांची छाती नव्हती.

"ऱ्हाऊ दे," ते सिद्धूला म्हणाले. "पण हत्ती पायजेत."

सिद्धूनं दाराच्या दोन्ही अंगांना दोन हत्ती काढले. मापात, सोंडा वर, नखांसकट. एकाची नजर गोलाकडं लागली होती. ती चूक होती की मुद्दाम, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. वरातीत पोरं हत्तींपुढं नाचली, म्हाताऱ्या गोलापुढं थांबल्या.

मजुरी पुरी मिळाली. विटा आल्या, चुना आला, गवंडी आला. तरट निघालं आणि मागं कोरी, पांढरी, स्वतःची भिंत उभी राहिली.

"आता हिच्यावर काय काढणार?" हरणाबाईनं विचारलं.

सिद्धूनं भिंतीला तळवा लावून बघितला.

"आधी वाळू दे."